सायबेरियाचा नकाशा काढणारा स्वीडिश कैदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशांच्या इतिहासावर बोलताना स्ट्रालेनबर्गचं नाव निघालं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. निम्मे स्पर्धा परीक्षेवाल्यांचे, निम्मे यूट्यूबवर काहीतरी पाहून अस्वस्थ झालेल्यांचे. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा स्ट्रालेनबर्ग नेमका कोण?

फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग (१६७६–१७४७), स्वीडनच्या सैन्यातला कॅप्टन. जन्म बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडचा. हे शहर आज जर्मनीत आहे, तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं. १७०९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या पोल्तावाला पीटर द ग्रेटने स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सचा सपशेल पराभव केला आणि हा कॅप्टन रशियनांच्या हाती लागला. १७११ मध्ये त्याची रवानगी सायबेरियातल्या तोबोल्स्कला झाली. पुढची दहाएक वर्षं त्याने तिथे माहिती जमवण्यात घालवली. सुटून १७२३ मध्ये तो स्टॉकहोमला परतला आणि १७३० मध्ये त्याचा ग्रंथ व नकाशा छापून निघाला. ग्रंथ जर्मन भाषेत आहे, आणि त्याच्या लांबलचक शीर्षकाची सुरुवात 'युरोप आणि आशियाचा उत्तर व पूर्व भाग' अशी आहे.

कैदेत गेला तेव्हा तो विद्वान वगैरे नव्हता, पेशाने लष्करी माणूस होता. 'कैदेतला विद्वान' हे वर्णन त्याला शोभतं, पण त्यातली विद्वत्ता कैदेतच कमावलेली आहे.

२. काही ठिकाणी 'टाबेर्ट' असं नाव दिसतं. हा दुसरा कोणी आहे का?

नाही, तोच. जन्मनाव फिलिप योहान टाबेर्ट. १७०७ मध्ये त्याला सरदारकी मिळाली तेव्हापासून 'फॉन स्ट्रालेनबर्ग'. सायबेरियातला त्याचा सोबती मेसरश्मिट (प्रश्न ८) रोजनिशीत त्याला टाबेर्टच म्हणतो, त्यामुळे हा गोंधळ होतो.

३. कैदी होता, तर त्याला नकाशा काढू कसा दिला? तुरुंगात बसून काढला का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. 'कैद' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोठडी, गज आणि पहारेकरी येतात. पण त्या काळी मोठ्या माणसांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची कैद बरेचदा तशी नसे. शाहूमहाराज १६८९ ते १७०७ मोगलांच्या कैदेत होते. ती वर्षं बादशाही छावणीतच गेली, अंधारकोठडीत नव्हे. स्वीडिश कैद्यांचंही काहीसं तसंच. तोबोल्स्कला ते गावात राहत, बाजारात हिंडत, कामं करत, लोकांशी ओळखी वाढवत. कोंडून ठेवायची गरजच नव्हती. मॉस्को तिथून दोनेक हजार किलोमीटर. मध्ये जंगल, दलदल आणि सहा महिन्यांचा हिवाळा. पळून जाणार कुठे?

आता तोबोल्स्क काय होतं ते लक्षात घ्या. तोबोल आणि इर्तिश या नद्यांच्या संगमाजवळचं हे गाव तेव्हा सगळ्या सायबेरियाची राजधानी होतं. कर म्हणून गोळा केलेली कातडी इथे यायची. चीनकडे जाणारे काफिले इथून जायचे. बुखाऱ्याचे व्यापारी इथे वस्ती करून होते. पूर्वेकडच्या लेना नदीच्या पलीकडून परतलेले कोसॅक शिपाई इथेच हिशेब द्यायला येत. म्हणजे ज्याला सायबेरिया समजून घ्यायचाय त्याने जिथे जाऊन बसावं, नेमकं तिथेच याला आणून बसवलं होतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. स्वीडिश कैदी एकाच गावात नव्हते, निरनिराळ्या ठाण्यांवर विखुरलेले होते. कोणी रशियन मोहिमांबरोबर गेला, कोणी थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत पोचला. पूर्व किनाऱ्यावरच्या ओखोत्स्कहून कामचाटका द्वीपकल्पाला समुद्रमार्गे पहिल्यांदा जाणाऱ्या १७१६ च्या जहाजावर हेन्रिक बुश नावाचा डच खलाशी होता. तोही स्वीडिश बाजूने लढताना पकडलेला कैदीच. पीटरने शत्रूचे शिकलेसवरलेले अधिकारी आपल्या साम्राज्यभर पेरले आणि नकळत माहिती गोळा करणाऱ्यांचं एक जाळंच उभं राहिलं. नकाशावर नाव एकाचं असलं तरी त्यामागे अनेकांची पायपीट आहे.

४. त्याच्याआधी सायबेरियाचे नकाशेच नव्हते का?

होते की. आणि उत्तम होते. तोबोल्स्कमध्येच १६६७ मध्ये गव्हर्नर गोदुनोवच्या हुकमाने सायबेरियाचा नकाशा तयार झाला होता. त्याच गावच्या सेम्योन रेमेझोवने १७०१ मध्ये हाताने काढलेल्या नकाशांचं अख्खं पुस्तक पुरं केलं. ॲमस्टरडॅमच्या निकोलास विट्सेनने १६८७ मध्ये उत्तर व पूर्व आशियाचा भलामोठा नकाशा छापला. मात्र तो स्वतः सायबेरियात कधीच गेला नव्हता.

रेमेझोवचे नकाशे पाहिले तर आधी डोकं गरगरतं, कारण दक्षिण वर आहे. ते नद्यांचे नकाशे आहेत. कोणती नदी कुठे कोणत्या नदीला मिळते, मध्ये किती वस्त्या लागतात, हे अचूक. अक्षांश-रेखांशाचं जाळं नाही. नावेतून जाणाऱ्याला एवढं पुरतं. युरोपातल्या वाचकासाठी हे सगळं पृथ्वीच्या गोलावर कुठे बसतं ते सांगणारा, छापील, आणि प्रत्यक्ष तिथे राहिलेल्या माणसाने केलेला नकाशा हवा होता. स्ट्रालेनबर्गचं काम ते आहे. 'पहिला नकाशा' हे बिरुद त्याला लावू नये.

५. कैद्यांना खायला-प्यायला कोण घालायचं?

बहुतेकांना स्वतःच हातपाय हलवावे लागले. सोनारकाम, सुतारकाम, वाद्यं वाजवणं, शिकवण्या, जमेल ते केलं. कुर्ट फ्रीडरिश फॉन व्रेख नावाच्या अधिकाऱ्याने तोबोल्स्कमध्ये चक्क शाळा काढली. तिला जर्मनीतल्या हाले गावच्या आउगुस्ट हर्मान फ्रांकं या धर्मोपदेशकाच्या संस्थेकडून पैसा आणि पुस्तकं येत.

इथे थोडं विषयांतर, पण मोह आवरत नाही. याच हालेच्या मुशीतले मिशनरी १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावर, डॅनिश ताब्यातल्या तरंगंबाडीला उतरले. त्याच परंपरेतल्या श्वार्ट्सने पुढे तंजावरच्या सरफोजीराजांना शिकवलं. म्हणजे तोबोल्स्कचे स्वीडिश कैदी आणि तंजावरचे मराठे राजे यांच्यामध्ये एकच गाव येतं, हाले.

६. उपकरणं कुठून आणली? अंतरं कशी मोजली?

सर्वेक्षण म्हटल्यावर साखळी, थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) आणि तिकाटणी डोळ्यांपुढे येतात. तसलं इथे काही नव्हतं. हा प्रामुख्याने चौकशा करून रचलेला नकाशा आहे. एखाद्या कोसॅकला विचारायचं, अमुक ठाण्याहून तमुक ठाण्याला नावेने किती दिवस लागतात, प्रवाहाबरोबर की उलट, घसरगाडीने किती दिवस. तेच दुसऱ्याला विचारायचं, तिसऱ्याला विचारायचं आणि उत्तरं ताडून पाहायची.

यातली मेख म्हणजे अंतराचं माप. रशियन वेर्स्त पीटरच्या काळात ५०० साझेनचा, म्हणजे साधारण १.०७ किलोमीटरचा ठरला. पण जुने वेर्स्त ७०० आणि १००० साझेनचेही असत. आपल्याकडे कोसाचं जे होतं तेच; गावोगाव कोस लांब-आखूड. सांगणारा कोणत्या वेर्स्तात बोलतोय हे कळलं नाही तर नदी दुप्पट लांब व्हायची.

अक्षांश त्यातल्या त्यात सोपे. सूर्य किंवा ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की काम भागतं. रेखांश मात्र त्या काळी सगळ्या जगाचंच दुखणं होतं. त्यासाठी दोन ठिकाणच्या वेळेतला फरक कळावा लागतो, आणि प्रवासात टिकेल असं नेमकं घड्याळ तेव्हा कोणाकडेच नव्हतं. म्हणून या नकाशात उत्तर-दक्षिण बऱ्यापैकी जमलंय आणि पूर्व-पश्चिम अंतरांवर फार विसंबता येत नाही. जितकं पूर्वेला जावं तितकं कच्चं.

७. नकाशा दोनदा हातचा गेला, हे खरं का?

हो. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. पहिला मसुदा तोबोल्स्कमध्येच हातचा गेला. नव्याने केलेला दुसरा गव्हर्नर मात्व्येई गागारिनने काढून घेतला. छापला गेला तो तिसऱ्यांदा रचलेला.

गागारिनला नकाशात रस का असावा? त्याची नजर दक्षिणेकडच्या यारकंदच्या सोन्यावर होती आणि तिकडे त्याच्या सल्ल्यावरून फौजही निघाली होती (प्रश्न १५). अशा माणसाच्या हद्दीत शत्रूचा अधिकारी वाटा आणि नद्या कागदावर उतरवतोय, हे त्याला कसं चालेल? माझ्या मते आश्चर्य जप्तीचं नाही. स्ट्रालेनबर्ग तिसऱ्यांदा बसला याचं आहे. गागारिनला पुढे भ्रष्टाचारासाठी पीटरने १७२१ मध्ये फासावर चढवलं.

८. मग तो स्वतः किती फिरला? की सगळं ऐकीव?

स्वतः फिरला तो मुख्यतः मेसरश्मिटबरोबर. डॅनिएल गॉटलीब मेसरश्मिट हा डान्झिगचा डॉक्टर. वनस्पती, प्राणी, औषधं, जुन्या वस्तू, जे दिसेल ते टिपून आणायला पीटरने त्याला सायबेरियात धाडलं होतं. हाताखाली माणसं हवीत म्हणून त्याने स्वीडिश कैदी मागून घेतले. १ मार्च १७२१ रोजी मंडळी तोबोल्स्कहून निघाली. तारा, तोम्स्क करत येनिसेईच्या खोऱ्यात अबाकान आणि क्रास्नोयार्स्कपर्यंत पोचली. तिथल्या गवताळ प्रदेशात अनोळखी लिपी कोरलेले उभे दगड त्यांना सापडले. १७२२ च्या सुरुवातीला मेसरश्मिटने अबाकानजवळचं एक प्राचीन थडगं अभ्यासासाठी खणलं; सायबेरियातल्या पुरातत्त्वाची सुरुवात तिथून धरतात.

त्या शिलालेखांची चित्रं स्ट्रालेनबर्गने ग्रंथात छापली. ती लिपी वाचता आली १८९३ मध्ये, डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसनला. भाषा निघाली जुनी तुर्की.

मध्येच ऑगस्ट १७२१ मध्ये रशिया-स्वीडनचा नीस्टाडचा तह झाला आणि कैदी सुटले. मे १७२२ मध्ये क्रास्नोयार्स्कला दोघांची ताटातूट झाली. त्या दिवशीची मेसरश्मिटची नोंद एरवीच्या कोरड्या रोजनिशीत उठून दिसते. आपला एकुलता एक मित्र आणि आधार गेला म्हणून तो डोळ्यांत पाणी आणून लिहितो. तो एकटाच पुढे जात राहिला, १७२७ मध्ये पीटर्सबर्गला परतला आणि १७३५ मध्ये तिथेच हलाखीत वारला.

येनिसेईच्या पलीकडचा सायबेरिया मात्र स्ट्रालेनबर्गने पाहिलेला नाही. तिथलं सगळं ऐकीव.

९. युरोप आणि आशियाची सीमा उरल पर्वत, हे यानेच ठरवलं का? परीक्षेत काय लिहायचं?

छापील ग्रंथात नीट मांडलं ते याने, १७३० मध्ये. त्याआधी दोन हजार वर्षं ग्रीकांची समजूत चालत आलेली, की डॉन नदीच्या (त्यांच्या भाषेत तानाइस) पश्चिमेला युरोप आणि पूर्वेला आशिया. ग्रीकांना काळ्या समुद्राच्या काठापुरतं पाहायचं होतं, तिथे हे चालून गेलं. पण डॉन मॉस्कोच्या दक्षिणेलाच उगम पावते. तिथून उत्तर महासागरापर्यंत रेघ कुठून न्यायची? ज्याला जशी सुचेल तशी तो ओढायचा. कोणी थेट ओब नदीपर्यंत जायचा.

स्ट्रालेनबर्गचं म्हणणं, की सीमा नदीचीच हवी असं कुठे आहे? डोंगररांगही चालेल. उत्तरेकडे त्याने उरलची रांग धरली. दक्षिणेकडे मात्र त्याची रेघ आजच्यासारखी नाही. ती उरलकडून पाणलोटाच्या उंचवट्याने समारापर्यंत येते आणि तिथून व्होल्गा धरते. आजच्या पाठ्यपुस्तकातली 'उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन समुद्र, कॉकेशस' ही साखळी नंतर रूढ झाली, आणि तिच्या दक्षिण टोकाबद्दल भूगोलवाले अजूनही भांडतात. परीक्षेत पाठ्यपुस्तकातलंच लिहा. 'ही सीमा प्रथम कोणी सुचवली' असं विचारलं तर स्ट्रालेनबर्ग, पण प्रश्न १० वाचून.

आणखी एक फसगत. त्याच्या नकाशावर 'उरल नदी' शोधू नका. तेव्हा तिचं नाव याइक होतं. तिथल्या कोसॅकांनी साथ दिलेल्या पुगाचोवच्या बंडाची आठवण पुसायला रशियाची राणी कॅथरीन हिने १७७५ मध्ये ते बदललं.

१०. रशियन पुस्तकांत उरलच्या सीमेचं श्रेय तातिश्चेवला दिलेलं असतं. कोण खरं?

वसिली तातिश्चेव हा उरलमधल्या खाणींचा कारभार पाहणारा अधिकारी आणि इतिहासकार. १७२४ ते १७२६ तो स्वीडनमध्ये होता आणि स्ट्रालेनबर्गला भेटला होता. ही कल्पना मीच त्याला सुचवली, असा त्याचा दावा. अशक्य अजिबात नाही. उरल तातिश्चेवला पायाखालचा होता. पण छापून आधी आलं स्ट्रालेनबर्गचं. दोघांचं बोलणं झालं आणि एकाने ते आधी लिहिलं, एवढं म्हणावं आणि वाद मिटवावा, असं माझं मत.

११. आशिया आणि अमेरिका जोडलेले आहेत की नाहीत, हे त्याला माहीत होतं का?

याच प्रश्नाचा छडा लावायला रशियाने धाडलेला दर्यावर्दी बेरिंग पहिल्या मोहिमेवरून पीटर्सबर्गला परतला तो १७३० मध्येच, म्हणजे त्याचे निष्कर्ष या नकाशात नाहीत. तरीही नकाशाच्या ईशान्य टोकाला एक लॅटिन टीप आहे, आणि ती फार मोलाची. उत्तरेचा वारा सुटला की बर्फाचे डोंगर किनाऱ्याला लागतात, दक्षिणेचा सुटला की आत ढकलले जातात. त्यातून रशियन लोक पूर्वी जिवावर उदार होऊन कामचाटकाकडे गेले, असा तिचा आशय.

ही सेम्योन देझ्न्योव या कोसॅकने १६४८ मध्ये आशियाच्या ईशान्य टोकाला वळसा घालून केलेल्या सफरीची तोंडोतोंडी चालत आलेली आठवण असावी. देझ्न्योवचा लेखी अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात धूळ खात पडला होता आणि इतिहासकार गेरहार्ड म्युलरला तो सापडला १७३६ मध्ये. सरकारला जे दप्तरात सापडत नव्हतं ते कैद्याच्या कानावर आलं होतं.

१२. नकाशाच्या शीर्षकात 'ग्रेट टार्टरी' आहे. म्हणजे लपवलेलं टार्टरिया साम्राज्य खरंच होतं ना?

नव्हतं. कॅस्पियनपासून प्रशांत महासागरापर्यंतचा जो मुलूख नीट ठाऊक नाही त्याला युरोपीय लोक सरसकट 'टार्टरी' म्हणत. राजा नाही, राजधानी नाही, नाणं नाही. आपण विंध्यापलीकडच्या सगळ्यांना 'उत्तर भारतीय' म्हणून मोकळे होतो, त्यातलाच प्रकार. उलट स्ट्रालेनबर्गने याच गठ्ठ्यातली माणसं भाषेनुसार वेगळी केली. म्हणजे टार्टरियावाल्यांनी पुरावा म्हणून दाखवावा असा हा नकाशा नव्हेच.

१३. ते भाषांचं प्रकरण काय आहे?

ग्रंथाला जोडलेला एक मोठा तक्ता. ३२ भाषा व बोलींमधले अंक आणि रोजचे शब्द शेजारीशेजारी मांडून त्याने लोकांचे सहा गट पाडले. कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्या नात्याबद्दल बोलायच्या ५६ वर्षं आधी. फिनिश, हंगेरियन आणि व्होल्गाकाठच्या काही भाषा त्याने एकत्र ठेवल्या, हे बरोबरच ठरलं. त्या गटाला नाव मात्र 'उइगुर' दिलं आणि त्यात हूणही घातले, हे चुकलं. नावांच्या व्युत्पत्ती सांगताना तर त्याचा घोडा फारच उधळतो. ती पानं मौजेपुरती वाचावीत.

१४. भूछत्राची आणि लघवीची गोष्ट त्यानेच लिहिली का? खरी आहे?

लिहिली आहे. कामचाटकाकडचे कोर्याक लोक नशेसाठी लाल भूछत्र उकळून पितात. ज्यांना ते परवडत नाही असे गरीब श्रीमंतांच्या घराबाहेर भांडी घेऊन थांबतात आणि बाहेर आलेल्याची लघवी पितात, कारण नशा तिच्यात उतरते. नंतर तिथे जाऊन आलेल्यांनीही हा रिवाज नोंदवला आहे, आणि त्या भूछत्रातलं नशेचं द्रव्य लघवीतून बाहेर पडतं हे शास्त्रालाही मान्य आहे. पण स्ट्रालेनबर्गने हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण तो तिथवर गेलाच नव्हता (प्रश्न ८).

१५. रेनाट नावाचाही एक स्वीडिश कैदी नकाशावाला होता म्हणे. तो आणि हा एकच का?

वेगळे. योहान गुस्ताफ रेनाट तोफखान्यातला. तोही पोल्तावानंतर पकडलेला, तोही सायबेरियात आलेला. इर्तिशवरून दक्षिणेला निघालेल्या रशियन फौजेबरोबर गेला आणि १७१६ मध्ये मध्य आशियातल्या झुंगार मंगोलांच्या हाती सापडला. कैदेतला कैदी. त्यांना तोफा ओतायला शिकवत तो १७ वर्षं तिथे राहिला आणि १७३४ मध्ये मायदेशी पोचला तो झुंगारियाचे दोन नकाशे घेऊनच. ते त्याने स्वतः मोजून केलेले नव्हते, तिकडून मिळवलेले होते. बरोबर बायकोही होती, ब्रिगिटा शेर्झेनफेल्ट. तीही तशीच कैदेत पडलेली. पुढे नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गला यातल्या एका नकाशाची प्रत लिंकशॉपिंगच्या ग्रंथालयात सापडली.

१६. पोल्तावाच्या लढाईची तारीख प्रत्येक पुस्तकात वेगळी का?

२७ जून, २८ जून आणि ८ जुलै, तिन्ही बरोबर. रशियात जुलियन पंचांग, म्हणून २७ जून. आजच्या ग्रेगोरियनप्रमाणे ८ जुलै. २८ जून ही स्वीडनची खास तारीख. नव्या पंचांगावर हळूहळू जायचं म्हणून त्यांनी १७०० मधला लीप दिवस गाळला, पुढचे गाळायचे राहूनच गेले आणि देश जुलियन पंचांगाच्या एक दिवस पुढे, पण ग्रेगोरियनच्या मागेच, असा मध्येच अडकला. शेवटी कंटाळून १७१२ मध्ये त्यांनी ३० फेब्रुवारी पाळला आणि जुलियनवर परत आले. पत्रव्यवहार वाचताना तारीख कोणाच्या हातची आहे ते आधी बघावं.

१७. नकाशा पाहायला कुठे मिळेल, आणि वाचायचा कसा?

मोठ्या ग्रंथालयांनी त्याच्या प्रती स्कॅन करून ठेवल्या आहेत. 'नोवा डिस्क्रिप्शियो जिओग्राफिका टाटारिए मॅग्ने' हे लॅटिन शीर्षक रोमन लिपीत टाकून शोधा. आधी तोबोल आणि इर्तिशचा संगम गाठा, तिथे तोबोल्स्क. मग पूर्वेला तारा, तोम्स्क, येनिसेई. इथवर तो स्वतः गेला, म्हणून इथवर भरवसा जास्त. येनिसेई ओलांडली की पुढे दुसऱ्याचे डोळे, हे धरून चालावं. आणि अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रश्न ११ मधली बर्फाची टीप आहे. बारीक अक्षरांत आहे, मोठं करून बघा.